बघू की तिथे गेल्यावर

डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाकडे गूगल शीट असतं. दुसरा पक्ष सोफ्यावर आडवा होऊन म्हणतो, "अगं बघू की तिथे गेल्यावर, सुट्टीला चाललोय, ऑफिसला नाही." आमच्या घरात पहिल्या पक्षात मी एकटी आणि दुसऱ्यात बाकी सगळी जनता. त्यात भर म्हणून यावेळी मिरजेहून सासू-सासरे आले होते आणि ते दोघं म्हणाले, "आम्हाला काय, तुम्ही न्याल तिथे येऊ." हे ऐकायला फार गोड वाटतं, पण ज्याला प्लॅन करायचाय त्याच्यासाठी यापेक्षा अवघड उत्तर नाही, कारण यात काय हवंय तेही नाही आणि काय नकोय तेही नाही, आणि गुडघे दुखले तरी "काही नाही गं, चाल" असंच म्हणणार हे आधीच माहीत असतं.

आम्ही राहतो त्या अटलांटाहून डिस्ने वर्ल्डच्या ओरलँडोला गाडीने साधारण सात तास, थांबत गेलं तर आठ-नऊ. २०२५ च्या एप्रिलच्या शेवटी गेलो, म्हणजे इथल्या शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली आणि फ्लोरिडाचा खरा उन्हाळा अजून सुरू व्हायचा. हा पहिला प्लॅन आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच. ख्रिसमस ते न्यू इयरच्या आठवड्यात गेलात तर पुढची कितीही हुशारी करा, तुम्ही माणसांच्या पाठी बघत फिरणार.

आता "बघू की" पक्षाला मी काय सांगत होते ते सांगते. ही जागा म्हणजे एक पार्क नाही. पंचवीस हजार एकरांच्या वर जमीन आहे, तिच्यात चार मोठी पार्क, दोन वॉटर पार्क, हॉटेलांची रांगच्या रांग, स्वतःच्या बसगाड्या, मोनोरेल, बोटी. मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अॅनिमल किंगडम १९९८ चं. नुसतं मॅजिक किंगडमच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीत तरी तुम्ही पार्कात पोचलेले नसता, तिथून ट्रॅम नाहीतर चालत, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, आणि मग गेट. बोटीत सासूबाईंनी विचारलं, "झालं का सुरू?" म्हटलं, आई, अजून पार्किंगच संपतंय.

आमच्या पिढीचा थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेल वर्ल्ड. शाळेची सहल, खाडीतली बोट, डबा, आणि संध्याकाळी बाईंची हाक आली की बसमध्ये. नवरा नेहमी तेच उदाहरण देतो की बघ तेव्हा कुठे प्लॅनिंग होतं, किती मजा आली. अरे, होतं ना. परवानगीची चिठ्ठी, पैसे, बस, कोणाला उलटी होते त्याच्यासाठी पिशवी, सगळं बाईंनी केलेलं होतं. आपण दहा वर्षांचे होतो म्हणून ते दिसलं नाही, एवढंच. निवांत माणूस दिसला की मी आजूबाजूला बघते, जवळपास कुठेतरी त्याचं काम करणारं माणूस असतंच.

डिस्नेमध्ये तर हे काम गेल्या पंचवीस वर्षांत वाढत गेलंय. १९९९ ला फास्टपास, म्हणजे लांब लाइन टाळायचा पास, आला तेव्हा तो फुकट होता. राइडपाशी जायचं, मशीनमधून कागदाचं तिकीट घ्यायचं, त्यावरच्या वेळेला परत यायचं. मग ते फोनवर आणि हातातल्या बँडवर गेलं, २०२१ मध्ये त्याचे पैसे लागायला लागले, आणि २०२४ च्या जुलैपासून लायटनिंग लेन मल्टी पास नावाने चालतं. म्हणजे डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर सात दिवस आधी आणि बाहेर राहत असाल तर तीन दिवस आधी, सकाळी बरोब्बर सात वाजता अॅप उघडायचं आणि तीन राइडच्या वेळा धरायच्या. मॅजिक किंगडममध्ये तर जास्त मागणीच्या राइडच्या पहिल्या यादीतली एकच आणि दुसऱ्या यादीतल्या दोन, असा नियम. आत गेल्यावर एक वापरली की पुढची धरायची, मग पुढची, असं दिवसभर. ट्रॉनसारख्या काही राइड यातही नाहीत, त्यांचे वेगळे पैसे. जेवायला बसायचं असेल तर टेबल साठ दिवस आधी. आता या सगळ्यात "बघू की" म्हणणाऱ्याला प्रवेश नाही असं नाही, पण पूर्वी तो फक्त लाइनीत उभा राहायचा, आता तो लाइनीत उभा राहून शेजारच्या मोकळ्या लाइनीतून पळत जाणाऱ्या लोकांकडेही बघतो. माणूस दमतो तो उभं राहण्याने कमी आणि या बघण्याने जास्त, असं आपलं माझं मत.

आणि एक गोष्ट मी अजिबात न लाजता सांगते, मला प्लॅनिंग आवडतं. मुलगी झोपली की रात्री चहा घेऊन बसायचं, यूट्यूबवर कोणीतरी राइडमध्ये कॅमेरा धरून बसलेला असतो ते बघायचं, नकाशावर कुठून कुठे चालत किती वेळ लागेल ते लिहायचं. माझ्यासाठी सुट्टी तिथूनच सुरू होते. लोकांना वाटतं प्लॅन करणारी बाई म्हणजे टेन्शनवाली बाई. तसं नाहीये हो. घरी बसून केलेला प्लॅन आणि पार्कात उभं राहून केलेला प्लॅन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मजा असते. दुसऱ्यात चार माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात, ऊन असतं, फोनची बॅटरी तीस टक्क्यांवर असते, मुलीला शू लागलेली असते आणि कोणीतरी विचारतं, "आता काय?" हा "आता काय" दिवसातून जितक्या कमी वेळा ऐकावा लागेल तितकी ती सुट्टी चांगली, बाकी किती राइड झाल्या ते सोडा.

म्हणून मी शीट बनवताना राइडवरून सुरुवात केलीच नाही, सासूबाईंच्या गुडघ्यापासून केली. ग्रुपमधला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस ज्या वेगाने चालतो तोच ग्रुपचा वेग, हे वारीला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. डिस्नेमध्ये दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. गेटपाशी व्हीलचेअर भाड्याने मिळते, मी ती सुचवली तर सासूबाई म्हणाल्या, "मला काय झालंय? लोक काय म्हणतील?" इथे कोण ओळखीचं आहे आई? "तूच काढशील फोटो आणि टाकशील ग्रुपवर." विषय संपला. मग व्हीलचेअर नाही तर नाही, प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये एक बसायची गोष्ट, असं शीटमध्ये टाकलं. त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं आपण अधूनमधून उगाच बसतोय.

सकाळ मात्र मी कोणालाही सोडली नाही. पार्क उघडण्याआधी गेटवर, याला तिथले लोक रोप ड्रॉप म्हणतात, कारण पूर्वी खरोखर दोरी धरलेली असायची. डिस्नेच्या हॉटेलातल्या लोकांना अर्धा तास आधी सोडतात, आम्ही बाहेर राहिलो होतो त्यामुळे आम्ही त्यांच्या मागे, तरीसुद्धा पहिल्या दोन तासांत जे होतं ते दुपारी चार तासांत होत नाही. नवरा गाडीत कुरकुर करत होता की सुट्टीत सहाचा गजर कोण लावतं. पण मॅजिक किंगडममधल्या पीटर पॅनच्या राइडला, जिथे दुपारी तासभर सहज जातो, आम्ही जवळजवळ चालत चालत आत गेलो, आणि उडत्या जहाजातून खाली लंडनचे दिवे दिसले तेव्हा मुलीपेक्षा आजोबा जास्त खूश. जंगल क्रूझ आणि हाँटेड मॅन्शन लायटनिंग लेनमधून. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्या यादीत जे नक्की हवं होतं ते झालेलं होतं. यादी मुळात छोटी होती म्हणून झालं. लोक बारा गोष्टी लिहितात, नऊ होतात आणि संध्याकाळी राहिलेल्या तीनबद्दल बोलत बसतात.

दुपार शीटमध्ये रिकामी ठेवली होती. इंटरनेटवर सगळे सांगतात की दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा, पोहा, संध्याकाळी परत या. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला हे ठीक आहे. बाहेर राहणाऱ्याने हिशोब करावा: बोट, ट्रॅम, पार्किंग, ट्रॅफिक, आणि तेच सगळं उलटं. त्या विश्रांतीने माणूस अजून दमतो, आणि एकदा पलंगावर पडलेले सासू-सासरे परत उठतील याची काही गॅरंटी नाही. त्यापेक्षा पार्कातच एसीत बसायच्या जागा शोधाव्यात, आणि त्या आहेत. जुन्या आहेत, म्हणून तिथे गर्दी नसते.

कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस त्यातली माझी आवडती. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरसाठी जनरल इलेक्ट्रिकच्या पैशातून बनवलेला शो, १९७५ पासून इथे. आपण खुर्चीत बसायचं आणि अख्खं प्रेक्षागृहच मधल्या स्टेजभोवती फिरतं. एक अमेरिकन कुटुंब, यंत्राच्या बाहुल्यांचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढे पुढे येत राहतं, घरात वीज येते, फ्रिज येतो, भांडी धुवायचं मशीन येतं. एकवीसेक मिनिटं. सासूबाईंनी पहिली दोन दृश्यं नीट बघितली, आपल्याकडे मिक्सर कधी आला, वॉशिंग मशीन घेताना सासऱ्यांनी किती खळखळ केली वगैरे माझ्या कानात सांगितलं आणि मग शांतपणे झोपून गेल्या. शो संपल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "छान होतं हं." तिथून पीपलमूव्हर. पार्कातल्या टुमॉरोलँड नावाच्या भागाच्या डोक्यावरून हळूहळू फिरणाऱ्या उघड्या डब्यांची गाडी, उंचीची अट नाही, पोटात गोळा नाही, वारा लागतो. स्पेस माउंटन या रोलर कोस्टरच्या पोटातून जाते तेव्हा अंधारात लोकांच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि आपण मात्र पाय पसरून बसलेले असतो, हे सुख वेगळंच आहे.

आणि सासरे. बाबा आयुष्यभर रेल्वेत होते, त्यातली बरीच वर्षं मिरज-कुर्डुवाडी-लातूर नॅरोगेजवर, बार्शी लाइट म्हणतात ती, जी आता ब्रॉडगेज झाली. मॅजिक किंगडमभोवती वाफेच्या इंजिनाची गाडी फिरते, साधारण दीड मैलाची फेरी, वीस मिनिटं. ही इंजिनं खेळण्यातली नाहीत. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ च्या दरम्यान बनलेली, मेक्सिकोच्या युकातानमध्ये खरोखर राबलेली, तिथून आणून दुरुस्त करून १९७१ ला इथे लावली. गेज तीन फूट. बाबांनी स्टेशनात पोचल्या पोचल्या रुळांकडे बघून सांगितलं, "आपल्यापेक्षा सहा इंच जास्त आहे." बार्शी लाइटचं अडीच फूट होतं. मग ते एक फेरी फिरले, उतरून परत लाइनीत लागले, परत फिरले, ड्रायव्हरशी मिरजेच्या इंग्रजीत बोलले, आणि त्या दुपारी त्यांना बाकी कुठेही यायचं नव्हतं. माझ्या शीटमध्ये गाडीला वीस मिनिटं होती. पण दुपार रिकामी होती ना, म्हणून बाबांना "चला चला" म्हणायची वेळ आली नाही. रिकामी जागा असल्याशिवाय असलं काही शिरायला वाव कुठून मिळणार? उन्हाळ्यात तर तिथे दुपारी विजा कडकडतात आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात, तेव्हा मिनिटामिनिटाचं शीट घेऊन आलेल्या बायकांचे चेहरे बघवत नाहीत.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. मॅजिक किंगडममधल्या नदीच्या मधोमध टॉम सॉयरचं बेट होतं, तराफ्याने जायचं, गुहा, झुलते पूल, झाडं, आणि मोठ्यांना बसायला सावली. तिथे काहीच करायचं नसायचं, म्हणून ते छान होतं. आम्ही जाऊन आलो आणि जुलै २०२५ मध्ये ते बेट, नदी आणि चाकाची बोट सगळं कायमचं बंद झालं, त्या जागी 'कार्स' सिनेमावरची नवीन राइड येणार. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल, नवीन राइडला लाइन लागते, बेटाला लागत नाही. पण अशा जागा कमी होत गेल्या की निवांतपणासुद्धा घरूनच प्लॅन करून न्यावा लागतो.

खाण्याचं थोडक्यात. बाहेरचं खाणं आत नेता येतं, काचेची बाटली आणि दारू नको एवढंच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सासूबाईंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हाँटेड मॅन्शनच्या बाहेर बसून खाल्ली. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायचं फक्त. पाण्याच्या बाटलीला तिथे जे पैसे लावतात त्यात मिरजेत थाळी येते, असं बाबा म्हणाले, आणि नंतर प्रत्येक वस्तूला म्हणाले.

साठ दिवस आधी टेबल धरण्याचा उद्योग मी एकदाच केला, तो सनासाठी. अॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये हे हॉटेल आहे, खाणं आफ्रिकन-भारतीय, आणि खिडकीबाहेर कुरणात जिराफ आणि झेब्रे फिरत असतात. पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणजे ज्या दिवशी पार्क नाही त्या दिवशी जाता येतं. असा बिनपार्कचा दिवस मध्ये ठेवाच, त्या दिवसाचं तिकीट वाचतं आणि गुडघेही. नान-पराठे आणि त्यांच्याबरोबर चटण्यांच्या वाट्याच वाट्या येतात. सासूबाईंनी चिंचेची चटणी चाखली, जिराफाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गूळ कमी पडलाय."

एपकॉटचा दिवस मी नवऱ्याला दिला. म्हणजे फोन दिला, अॅपसकट, पासवर्डसकट, आणि सांगितलं की आज "आता काय" मी विचारणार. त्याने सकाळी गजर लावला नाही, आम्ही अकरानंतर पोचलो, योगायोगाने वर्ल्ड शोकेस उघडतं तेही अकरालाच. तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप, सगळी फेरी मिळून साधारण दोन किलोमीटर. मेक्सिको, नॉर्वे, चीन, असं करत निघालो. बाबा प्रत्येक देशानंतर विचारायचे, "आपला कुठाय?" आपला नाहीये बाबा. "मोरोक्को आहे आणि भारत नाही?" यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी मुद्दाम गप्प बसले. जपानपाशी ताइको ढोल वाजत होते. त्याने सगळ्यांना तिथे बसवलं आणि एक कार्यक्रम संपल्यावर पुढचा सुरू होईपर्यंत उठवलंच नाही. मुलगी नाचली, सासूबाई म्हणाल्या आपल्या पथकांपुढे हे काहीच नाही, पण मान हलत होती. माझ्या शीटमध्ये हे बसलं नसतं, मी त्याला दहा मिनिटं दिली असती. बसायला शिकावं तर त्याच्याकडून. पण संध्याकाळी पाचला सगळ्यांना एकदम भूक लागली आणि चार तोंडं त्याच्याकडे वळली तेव्हा तो फोन घेऊन खांबाला टेकून उभा होता, मेन्यू वाचत, काहीतरी बिनमांसाचं शोधत, आणि आम्ही बाकीचे बाकावर बसून तळं बघत होतो. मला इतकं निवांत त्या आख्ख्या ट्रिपमध्ये वाटलं नव्हतं. रात्री गाडीत त्याने स्वतःहून विचारलं, "उद्या किती वाजता उठायचंय?"

पैसे टाकून हे सगळं टाळताही येतं म्हणा. २०२४ च्या शेवटी प्रीमियर पास आणलाय, वेळा धरायची भानगड नाही, पाहिजे तेव्हा जा, फक्त गर्दीच्या दिवसांना त्याची किंमत माणशी चारशे डॉलरच्या वर जाते, तेही तिकीट सोडून. पाच माणसांचा आकडा मी बाबांना सांगितला नाही, त्यांनी मनातल्या मनात थाळ्यांमध्ये गुणाकार केला असता.

आता माझी मावसबहीण डिसेंबरात पुण्याहून येतेय, मुलं, नवरा आणि सासूबाईंसकट, आणि तिने माझं शीट मागवलं. पाठवलं. वर लाल अक्षरात लिहिलं की दुपारचे रकाने रिकामे आहेत ते चुकून नाहीत, मुद्दाम आहेत. काल उघडून बघितलं तर तिने त्यात रंगीबेरंगी राइड भरून टाकल्यात आणि एका रकान्यात "शॉपिंग / विश्रांती (१५ मि.)" असं लिहिलंय. फोन करणार होते. मग म्हटलं जाऊ दे, तिच्याबरोबर तिच्या सासूबाई आहेत, त्या बघतील काय ते.